सिंकथिंग: डांडिया बाजार ते मकरपुरा, क्लाउडशिवाय

डांडिया बाजारात ऑफिस, मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप आणि कारेलीबागेत घरी तिसरा कॉम्प्युटर. बडोद्यातल्या कितीतरी मराठी धंद्यांचा नकाशा असाच असतो. तिन्ही जागी एकच ड्रॉइंग, एकच कोटेशन लागतं आणि ते पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलवर फिरत राहतं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ ही नावं तिथेच जन्माला येतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यांत शिरल्यापासून ‘एक प्रत दुसऱ्या जागी हवी’ हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. कशी ठेवायची, एवढाच प्रश्न उरतो.

सिंकथिंग हे त्याचं एक उत्तर: निवडलेले फोल्डर दोन-तीन कॉम्प्युटरांवर आपोआप एकसारखे (सिंक) ठेवणारं सॉफ्टवेअर. मोफत, मुक्तस्रोत, २०१३ पासून चालू. दुसरी मोठी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली. मध्ये कुणाचं गोदाम नाही. फाईल एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर जाते आणि वाटभर टीएलएसच्या कुलपात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असते. महिन्याचं भाडं नाही, डिस्क जेवढी मोठी तेवढी तुमची जागा. विंडोज, लिनक्स, मॅक, बहुतेक नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी), सगळीकडे चालतं. घ्यावं का? घ्यावं, पण स्वभाव ओळखून. शंका आली की ते थांबतं आणि लोक त्यालाच बिघाड समजतात. डिलीटचा हुकूम मात्र ते दीड-दोन मिनिटांत बिनबोभाट सगळीकडे पोचवतं आणि त्याबद्दल फाईलची गरज पडेपर्यंत कुणी बोलत नाही.

जोडणी सोपी आहे. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर ८३८४ हा पोर्ट (दार-क्रमांक) टाकला की त्याचं पान उघडतं. प्रत्येक मशीनला सात-सात अक्षरांच्या आठ गटांचा, म्हणजे ५६ अक्षरांचा आयडी मिळतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा आयडी मान्य केल्याशिवाय काहीच जात नाही, त्यामुळे आयडी कुणाला दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. एक चूक मात्र ऑफिसांत हमखास होते: एका पीसीची डिस्क क्लोन करून चार पीसी तयार करतात. सिंकथिंग आधीच टाकलेलं असेल तर चौघांचा आयडी एकच होतो आणि जोडणी सतत लागते-तुटते. क्लोन केलेल्या मशीनवर सर्टिफिकेट आणि की या दोन फाईली काढून सिंकथिंग पुन्हा चालू केलं की नवा आयडी तयार होतो.

ड्रॉपबॉक्सची सवय असलेल्यांना पहिला धक्का बसतो तो वेळेचा. ऑफिसचा पीसी सातला बंद, घरचा लॅपटॉप नऊला चालू: या दोघांची गाठच पडत नाही, मग फाईल येणार कुठून? तिसरं एखादं यंत्र चोवीस तास चालू हवं. नॅस असेल तर उत्तम, नाहीतर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर किंवा जुना मिनी पीसी यूपीएसवर ठेवला तरी भागतं. तो तळमजल्यावर ठेवू नका, हे इथे वेगळं सांगायला नको.

पहिली भर इंटरनेटवरून करू नये. हिशेब साधा आहे: २०० जीबी आणि अपलोडचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजे सरळ नऊ तास, तेही वेग अखंड टिकला तर. त्यापेक्षा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून दुसऱ्या जागी उतरवा आणि मग दोन्हीकडे फोल्डर जोडा. सिंकथिंग फाईलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढतं. हॅश जुळले तर पुन्हा पाठवत नाही. छोट्या फाईलींसाठी तुकडा १२८ केबीचा असतो, फाईल मोठी होईल तसा १६ एमबीपर्यंत वाढतो. या पहिल्या मोजणीला वेळ लागतो. पानावर ‘स्कॅनिंग’ दिसत असताना मशीन रीस्टार्ट करत बसू नका.

आता ‘कनेक्ट होतं, पण गोगलगाय’ ही तक्रार. जोडणीचा प्रकार त्या मशीनच्या नावाखाली लिहिलेला असतो, आधी तो वाचा. ‘टीसीपी लॅन’ असेल आणि तरी सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर वेग जात नसेल, तर दोष सिंकथिंगचा नाही. कुठलातरी स्विच शंभर मेगाबिटचा आहे किंवा केबलची एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटवर हाच आकडा शंभराच्या पुढे जातो. ‘रिले’ दिसत असेल तर माल तिसऱ्याच्या सर्व्हरवरून चालला आहे. तो सर्व्हर आतलं वाचू शकत नाही, पण वेग त्याच्या मर्जीवर. रिले लागतो तो बहुधा सीजीनॅटमुळे, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते म्हणून. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा: १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुमच्या कनेक्शनला स्वतःचा पत्ता नाही आणि पोर्ट उघडून उपयोग नाही. पण दोन्हीकडे पत्ता असायलाच हवा असं नाही. एका जागी स्थिर आयपी घेतला आणि तिथल्या राउटरवर २२००० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी त्या मशीनकडे वळवला, की दुसरी बाजू आपण होऊन येऊन मिळते. दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर त्याच्या फायरवॉलमध्ये हाच पोर्ट मोकळा करा. बऱ्याचदा एवढ्यावर रिले सुटतो.

एकाच खोलीतली दोन मशीनं एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा तीन ठिकाणी बघायचं. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ लागलंय का? ‘प्रायव्हेट’ करा. एक जण गेस्ट वाय-फायवर आहे का? तिथे मशीनं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. ओळख पटवणारे यूडीपी २१०२७ वरचे संदेश अँटीव्हायरस अडवतोय का? हे सगळं ठीक असूनही जमत नसेल तर पत्त्याच्या रकान्यात ‘डायनॅमिक’ऐवजी टीसीपीसह थेट पत्ता द्या, १९२.१६८.१.२० आणि पोर्ट २२००० अशा थाटात. राउटरमध्ये तो पत्ता त्या मशीनला राखून ठेवायला विसरू नका, नाहीतर दिवे गेले-आले की पुन्हा तोच खेळ.

फाईलींच्या नावांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मराठीत नावं ठेवणाऱ्यांना इथे जो त्रास होतो तो इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही.

पहिला त्रास लांबीचा. विंडोजमध्ये नावाची मर्यादा २५५ युनिटांची (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक युनिट), लिनक्सच्या बहुतेक डिस्कांवर २५५ बाइटांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘श्री गणेश मंडळ’ एवढ्याशा नावाला दोन मोकळ्या जागा धरून ३८ बाइट लागतात. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नाव ८५ चिन्हांत संपतं. विंडोजवर सुखाने नांदणारं ‘सन्माननीय सभासदांना वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ असं सुरू होऊन ८५ चिन्हांच्या पुढे गेलेलं लांबलचक नाव नॅसवर जाताना ‘फाईल नेम टू लाँग’ म्हणून अडतं. फाईल खराब झालेली नाही. नाव आखूड करा, लगेच जाते.

दुसरा त्रास जास्त छुपा. ‘कचऱ्याचे’, ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा ‘र’ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो: एकसंध ‘ऱ’ अधिक हलन्त, साध्या ‘र’ला नुक्ता जोडून हलन्त, आणि ‘र’, हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडणारं चिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच, कॉम्प्युटरला तीन वेगळी नावं. पहिली दोन रूपं युनिकोडच्या नियमाने एकच मानली जातात आणि सिंकथिंग ‘ऑटो नॉर्मलाइज’ या मुळातच चालू असलेल्या पर्यायाने ती जुळवून घेतं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नाव फोडून साठवते, म्हणून हे लागतंच. तिसरं रूप कुठल्याच नियमात बसत नाही. ते वेगळंच राहतं. एका फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाईली दिसल्या तर सिंकथिंगला दोष देण्याआधी कोण कुठल्या कीबोर्डवर टाइप करतं ते बघा. ऑफिसात सगळ्यांनी इनस्क्रिप्ट किंवा सगळ्यांनी एकच फोनेटिक कीबोर्ड ठेवला की हा घोळ नव्याने होत नाही. जुन्या फाईलींची नावं मात्र हातानेच बदलावी लागतात.

तिसरा त्रास खास आपल्या पेढ्यांचा. मॅकवर किंवा नॅसवर कुणी ‘आणि कं.’ अशा नावाचा फोल्डर केला, तर तो विंडोजवर कधीच उतरणार नाही, कारण विंडोजला शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेलं नाव चालत नाही. विसर्गासारखा दिसतो म्हणून टाइप केलेला कोलन, प्रश्नचिन्ह, उभी रेघ, तारा, अवतरणचिन्ह हेही चालत नाही. अशा फाईली ‘फेल्ड आयटम्स’मध्ये पडून राहतात. लहान-मोठ्या लिपीचा (स्मॉल-कॅपिटल अक्षरांचा) गोंधळ फक्त इंग्रजी नावांत होतो. देवनागरीत ती भानगडच नाही, तेवढं एक सुख.

काही फाईली सिंक करूच नयेत. टॅलीच्या चालू कंपनीचा डेटा फोल्डर सिंकमध्ये टाकणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. अनेक फाईली एकमेकींवर अवलंबून असतात आणि त्यातल्या अर्ध्याच पोचल्या की दुसऱ्या बाजूला डेटा फुटतो. टॅलीतून बॅकअप घ्या आणि बॅकअपचा फोल्डर सिंक करा. आउटलुकची पीएसटी ही ईमेलची फाईल आणि कुठल्याही चालू डेटाबेसला हाच नियम. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूएल कुलूपफाईली, वर्डच्या ‘~$’ ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाईली, विंडोज आणि मॅक आपोआप बनवतात त्या थंब्स डीबी, डीएस स्टोअर हा कचरा ‘इग्नोर पॅटर्न्स’ या वगळायच्या यादीत घाला. दोन बारकावे लक्षात ठेवा. ही यादी सिंक होत नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी द्यावी लागते. आणि एखादा फोल्डर पलीकडे डिलीट झाला तरी इकडे त्यात वगळलेला कचरा शिल्लक असेल तर फोल्डर हटत नाही, चूक दाखवत बसतो. त्या ओळीच्या सुरुवातीला कंसात प्रश्नचिन्ह आणि लहान लिपीतला इंग्रजी डी लिहिला, की कचऱ्यासकट फोल्डर काढायची परवानगी मिळते.

‘फोल्डर मार्कर मिसिंग’ आलं की लोक घाबरतात. खरं तर इथेच हे सॉफ्टवेअर पैकीच्या पैकी गुण मिळवतं. प्रत्येक सिंक फोल्डरमध्ये ते स्वतःची एक खूण ठेवतं. बाहेरची डिस्क निघाली, ड्राइव्हचं अक्षर बदललं, नॅस माउंट झाला नाही, की ती खूण दिसत नाही आणि ते काम बंद करतं. खूण नसती तर ‘सगळ्या फाईली गेल्या’ असं समजून तोच हुकूम त्याने बाकीच्यांना दिला असता. तेव्हा हाताने रिकामा मार्कर तयार करण्याचा झटपट उपाय कुणी सांगितला तर आधी डिस्क जागेवर आहे का ते बघा. त्या बाजूची डिस्क रिकामी असेल, तर त्या उपायाने दोन्ही बाजू रिकाम्या होतील.

लिनक्सवर बदल उशिरा, म्हणजे तासाभराने पोचत असतील तर बहुधा इनोटिफायची, म्हणजे बदल झाल्याची वर्दी देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची, मर्यादा संपलेली असते. फोल्डरांवर नजर ठेवणं बंद पडतं आणि ३६०० सेकंदांची पूर्ण तपासणी तेवढी उरते. लिनक्सच्या सेटिंगमधली ‘मॅक्स यूजर वॉचेस’ ही किंमत २,०४,८०० केली की काम होतं. नेटवर्क ड्राइव्हवरचा फोल्डर सिंकला दिला असेल तर मात्र नजर ठेवण्यावर भरवसाच नको. सिंकथिंग त्या नॅसवरच बसवा.

दोघांनी एकाच वेळी एकच फाईल बदलली तर काय? सिंकथिंग एकही टाकून देत नाही. जिची वेळ जुनी तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख आणि वेळ घालून शेजारी ठेवतं. वेळेवरून निवाडा होतो, म्हणून एखाद्या पीसीच्या मदरबोर्डची सेल संपून घड्याळ मागे गेलं असेल तर चुकीची प्रत जिंकते. आठवड्यातून एकदा ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द शोधून अशा फाईली निकाली काढा.

आणि आता डिलीट. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. मकरपुऱ्यातल्या पोराने फोल्डर उडवला की डांडिया बाजारातलाही जातो. रॅन्समवेअरने (खंडणीखोर व्हायरसने) फाईली बिघडवल्या तर बिघडलेल्याच पोचतात. यावर आतलाच उपाय आहे, ‘फाईल व्हर्जनिंग’, पण तो मुळात बंद असतो. ही या सॉफ्टवेअरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. शिवाय तो फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू होतो. ज्या मशीनवर हाताने डिलीट केलं तिथे जुनी प्रत राहत नाही, पलीकडे राहते. म्हणून तो चोवीस तास चालणाऱ्या नॅसवर लावा, ‘स्टॅगर्ड’ प्रकार निवडा. पहिल्या दिवसात तासाला एक, पहिल्या तीस दिवसांत दिवसाला एक आणि पुढे आठवड्याला एक अशा प्रती राहतात. जागा त्या हिशेबाने धरा.

फोल्डरचा प्रकार विचार करून ठरवा. वर्कशॉपला ड्रॉइंग फक्त बघायचं असेल तर तिथे ‘रिसीव्ह ओन्ली’ लावा. त्यात कुणी काही बदललं तर ते बाहेर जात नाही आणि ‘रिव्हर्ट’चं बटण दिसतं. ते दाबलं की तिथे नव्याने ठेवलेल्या फाईलीही पुसल्या जातात, हे आधी वाचून घ्या. ‘सेंड ओन्ली’ बाजूचं ‘ओव्हरराइड’ बटण त्याहून कडक. ते बाकी सगळ्यांचे बदल रद्द करून आपलंच खरं करतं.

आवृत्ती दोनमध्ये सिंकथिंगची फाईलींची नोंदवही, म्हणजे डेटाबेस, एसक्यूलाइट या नव्या पद्धतीवर गेला. अपग्रेडनंतर पहिल्यांदा सुरू होताना जुना डेटाबेस रूपांतरित होतो, लाखभर फाईली असतील तर वेळ द्या. दुसरा बदल नीट ध्यानात घ्या: डिलीट केलेल्या फाईलींची आठवण आता कायमची राहत नाही, पंधरा महिन्यांनी पुसली जाते. दोन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप पुन्हा जोडलात तर मेलेल्या फाईली उठून उभ्या राहू शकतात. असा लॅपटॉप आधी रिकामा करून मगच जोडा. फोनची बाजू कमजोर आहे. अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ नंतर थांबलं, त्याचा ‘फोर्क’, म्हणजे दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती, वापरावा लागतो. आयफोनवर तर पार्श्वभूमीत अखंड चालण्याची मुभाच नाही.

सतत सिंक नको, रात्री एकदाच माल पाठवायचा आहे, किंवा प्रेसवाल्याला शंभर पानांची पीडीएफ द्यायची आहे, तर सिंकथिंग ओढूनताणून वापरू नका. तिथे एसएसएच या कुलूपबंद जोडणीवरून आरसिंक हे कॉपी करणारं साधन, किंवा विंडोजवर विनएससीपी या प्रोग्रामने त्याच जोडणीवरचं एसएफटीपी बरं. साधं एफटीपी, पोर्ट २१ वालं, आता सोडाच. पासवर्ड उघडा जातो. आरसिंकची स्वतःची ८७३ पोर्टवरची सेवाही (डीमन) कुलूप लावत नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये आरसिंकच्या ३.४.० आवृत्तीने त्यातलं गंभीर भगदाड बुजवलं, तेव्हा नॅसवरची आवृत्ती तपासा.

आरसिंकमध्ये घात करतो तो शेवटचा तिरका दांडा. मूळ फोल्डरच्या नावापुढे दांडा दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट. ‘डिलीट’ पर्याय लावून चुकून दांडा दिला आणि पलीकडे वरचा फोल्डर दाखवला, तर त्यातलं बाकी सगळं जुनं समजून पुसलं जातं. आधी ‘ड्राय रन’, म्हणजे काहीही न बदलता नुसती चाचणी, करून यादी वाचा. पेनड्राइव्हवरच्या फॅट डिस्कला वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने कळते, म्हणून प्रत्येक वेळी सगळं पुन्हा कॉपी होताना दिसतं. ‘मॉडिफाय विंडो’ एक दिलं की थांबतं.

एसएसएचला पासवर्डऐवजी की (किल्लीची फाईल) दिली तरी ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर खाजगी कीची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, आहे का आणि पलीकडच्या होम फोल्डरवर दुसऱ्यांना लिहिण्याची मुभा नाही ना, हे बघा. विंडोजवरच्या ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये अ‍ॅडमिन यूजरच्या कीज त्याच्या फोल्डरमधून वाचल्याच जात नाहीत. त्या प्रोग्रामडेटामधल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सच्या वेगळ्या फाईलमध्ये लागतात. अर्धा दिवस खाणारी अडचण आहे ही. ‘होस्ट आयडेंटिफिकेशन चेंज्ड’ आलं तर नॅस पुन्हा फॉरमॅट झाला होता का, किंवा राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला दिला का, याची खात्री करूनच जुनी नोंद काढा. आणि जुन्या नॅसशी ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ म्हणून बोलणं तुटलं असेल तर कारण २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ मध्ये आहे. तेव्हापासून ओळख पटवण्याची जुनी, कच्ची ठरलेली शा-१ वाली आरएसए सही मुळात बंद असते. फर्मवेअर अपडेट करा. ते मिळतच नसेल तर कॉन्फिग फाईलमध्ये त्या एकाच होस्टच्या नावाखाली जुनी पद्धत चालू करा, सगळ्यांसाठी नको.